ढोलकपूरचा दरबार आणि फुलंब्रीचे बालप्रेक्षक

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, चौका ओलांडल्यानंतर लागणारे फुलंब्री हे गाव निजामाच्या अमलाखाली होते तेव्हा हैदराबादेहून तेथल्या रयतेकडे जे काही येई ते बहुधा फर्मान, सारावसुलीचा तगादा किंवा बदलून आलेला एखादा अंमलदार अशाच रूपाने येई. १९४८ च्या सप्टेंबरात तो अंमल संपला, पुढे राज्यपुनर्रचनेत मराठवाडा उर्वरित मराठी मुलखाला येऊन मिळाला, आणि हैदराबादेशी असलेला कचेरीचा संबंध तुटला. मात्र २००८ च्या एप्रिलपासून त्याच शहरातून एक निराळाच राजा, त्याची राजकन्या, त्याची प्रजा आणि त्या सर्वांच्या रक्षणासाठी सदैव कंबर कसून उभा असलेला एक धोतर नेसलेला मुलगा फुलंब्रीच्या घराघरांत येऊ लागला. आणि या नव्या अमलाविरुद्ध बालरयतेने आजवर एकही अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

हा मुलगा म्हणजे ‘छोटा भीम’. राजीव चिलका यांनी २००१ साली हैदराबादेत स्थापन केलेल्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशन या संस्थेने ही मालिका निर्माण केली आणि पोगो वाहिनीने ती प्रक्षेपित केली. ढोलकपूर नावाचे काल्पनिक राज्य, तेथील राजा इंद्रवर्मा आणि राजकन्या इंदुमती, भीमाचे सवंगडी चुटकी, राजू आणि मनुष्यवाणीने बोलणारे माकड जग्गू, त्यांच्याशी सतत स्पर्धा करणारा कालिया आणि त्याचे जुळे साथीदार ढोलू-भोलू, शिवाय वेळोवेळी उपटणारे राक्षस, मांत्रिक, शापित नगरे आणि जादूचे दगड, असा या मालिकेचा संसार आहे. भीम लाडू खातो, त्याच्या अंगी बळ संचारते, संकट टळते. एवढ्या सरळ सांगाड्यावर ती इतकी वर्षे उभी राहिली, २०१२ मध्ये तिच्यातील दम्यान नावाच्या शापग्रस्त खलनायकाची कथा चित्रपटगृहांत गेली आणि २०२४ मध्ये त्याच कथेवर जिवंत नटांना घेऊन पुन्हा चित्रपट निघाला. अशा अद्भुतरम्य साहसमालिकेविषयी प्रेक्षकांचे मत काय आहे, हा प्रश्न वरकरणी अत्यंत सोपा दिसतो. परंतु तो विचारू लागले म्हणजे आधी हे ठरवावे लागते की प्रेक्षक कोणाला म्हणायचे, आणि त्याचे मत त्याच्याकडून काढून घ्यायचे कसे.

कारण या खटल्यात एकाच वेळी तीन पक्षकार हजर असतात. मालिका पाहतो तो मुलगा. ती पाहू द्यायची की नाही हे ठरवतात ते त्याचे आईवडील, आणि पुष्कळदा आजीआजोबा. आणि ती किती जणांनी पाहिली याचे आकडे ज्याच्या दफ्तरी जमा होतात तो वाहिनीचा चालक. तिघांच्याही अभिप्रायांना आपण सरसकट ‘प्रेक्षकांचे मत’ असे म्हणतो, आणि त्यातही ज्याच्यासाठी सारा खटाटोप झालेला असतो त्या बालकाची जबानी बहुधा शेवटी घेतो, किंवा मुळीच घेत नाही. ती का घेतली जात नाही, आणि घ्यायची झाल्यास कोणत्या रीतीने घ्यावी, याविषयी गेल्या साठ वर्षांत जे ज्ञान जमा झाले आहे त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचा सर्वांत जुना दाखला, योगायोगाने, फुलंब्रीच्याच जिल्ह्यातील आहे. आजचे पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान. तेथील सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ रचली अशी परंपरा आहे, आणि तिची हकिकत काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त नोंदवून ठेवली आहे. विद्याधर, यक्ष, वेताळ, आकाशमार्गाने होणारे प्रवास आणि समुद्रापलीकडील नगरे यांनी भरलेली ही सात लक्ष श्लोकांची अद्भुतकथा गुणाढ्याने पैशाची भाषेत, शाईच्या अभावी स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि राजाकडे पाठवली. राजाने भाषा हलकी आणि लेखन अमंगळ म्हणून ती परत पाठवली. तेव्हा खिन्न झालेला कवी अरण्यात अग्निकुंड पेटवून बसला आणि एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. रानातील पशू चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून, त्याच्याभोवती गोळा झाले.

ही कथा निषेध आणि प्रशंसा यांचा विरोध दाखवून थांबली असती तर ती कविजनांच्या सांत्वनापुरतीच राहिली असती. परंतु तिचा पुढचा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की त्याला शुष्क मांस खावे लागत आहे. मुदपाकखान्यातील माणसांना विचारता त्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. आणि पारध्यांनी कैफियत दिली की कोणी एक ब्राह्मण रानात कथा वाचीत आहे, ती ऐकण्यात दंग झालेली जनावरे चरत नाहीत, सबब त्यांच्या अंगावर मांस उरलेले नाही. राजा धावत गेला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते आणि एक लक्ष उरले होते. श्रोत्यांनी एक शब्दही उच्चारला नव्हता. त्यांचा अभिप्राय त्यांच्या वर्तनावरून, तोही तीन हातांमधून, सिंहासनापर्यंत पोहोचला. मुक्या प्रेक्षकाचे मत वर्तनावरून अनुमानाने काढावे लागते, हे तत्त्व या आख्यायिकेत जितके स्पष्टपणे आले आहे तितके ते पुढे विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतच येते.

गुणाढ्याचा वारसा छोट्या भीमापर्यंत कसा आला, हे पाहणेही मनोरंजक आहे. ‘कथासरित्सागरा’त गुंफलेल्या वेताळाच्या पंचवीस कथा बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली मद्रासेत सुरू केलेल्या ‘चंदामामा’ मासिकातून, आणि मराठीपुरते बोलायचे तर १९५२ पासून निघू लागलेल्या ‘चांदोबा’तून, घरोघर गेल्या, आणि छोट्या भीमाच्या आधी ग्रीन गोल्ड संस्थेने ज्या कथा हाताळल्या त्यांत विक्रम-वेताळाचीही कथा होती. पैठणला आणखी एक परंपरा होती, ती चित्रकथींची. रामायण-महाभारतातील प्रसंगांची ठसठशीत रंगांतली चित्रे एकामागून एक दाखवीत आख्यान लावणारे हे फिरते कथेकरी. त्यांच्या संग्रहांतील एकोणिसाव्या शतकातील चित्रे आज ‘पैठणी शैलीची चित्रे’ म्हणून संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. चित्रकथीचा श्रोता त्याच्यासमोर जमिनीवर बसलेला असे. पोरे चुळबुळू लागली की तो पुढचे चित्र काढी, राक्षसाच्या चित्रावर डोळे खिळले की आख्यान लांबवी. कथा सांगणे आणि श्रोत्याचे मत घेणे या दोन क्रिया तेथे एकाच वेळी घडत होत्या.

चित्र हलू लागले तेव्हा ही जवळीक नाहीशी झाली. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा छोटा सचेतनपट काढला. पण निदान चित्रपटगृहाच्या अंधारात हशा आणि टाळ्या व्यवस्थापकाच्या कानांवर पडत होत्या. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्यानंतर प्रेक्षक आपापल्या घरात गेला. १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने शाळकरी मुलांसाठी मराठीत पुष्कळ कार्यक्रम केले, आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली, दरम्यान १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आणि २००४ मध्ये पोगो अशा मुलांसाठीच चालणाऱ्या वाहिन्या आल्या, आणि फुलंब्री, वडोद बाजार किंवा पीरबावड्याच्या मुलाने काय पाहिले हे शेकडो कोसांवरच्या माणसाला कळण्यासाठी यंत्राची गरज उत्पन्न झाली.

ते यंत्र आज ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल या संस्थेच्या देखरेखीखाली चालते. निवडलेल्या काही सहस्र घरांतील दूरचित्रवाणी संचांना मापक जोडलेला असतो. प्रत्येक वाहिनीच्या ध्वनीत मनुष्याच्या कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती ओळखून मापक कोणती वाहिनी किती वेळ चालली याची नोंद करतो. आणि घरातील प्रत्येक व्यक्तीने संचासमोर बसताना आपल्या नावाचे बटण दाबावे असा शिरस्ता असतो. ग्रामीण भागाची मोजदाद २०१५ च्या ऑक्टोबरपासून या पद्धतीत सामील झाली. व्यापाराच्या दृष्टीने ही मोजणी आवश्यक आहे यात शंका नाही; परंतु तिच्यात दोन ते चौदा वर्षांची सारी मुले एकाच वर्गात धरली जातात, आणि तीन वर्षांचे बालक व आठवीतला विद्यार्थी यांच्या आकलनात केवढे अंतर असते हे कोणत्याही आईला ठाऊक आहे. शिवाय मापकाला संच चालू असल्याचे कळते, पसंती कळत नाही. एकच संच असलेल्या घरात धाकट्याने थोरल्याच्या आवडीची वाहिनी पाहिली तरी त्या मिनिटांची जमा धाकट्याच्या नावावरही होते. आणि कापसाच्या वेचणीला गेलेल्या आईचा मोबाइल घेऊन ओट्यावर बसलेले मूल संचाच्या मापकात मुळी येतच नाही.

दुसरा पक्षकार पालक. त्याचे मत प्रायः तक्रारीच्या रूपाने प्रकट होते, आणि कायद्यानेही त्यासाठी वाट ठेवलेली आहे. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतील सहाव्या नियमात कार्यक्रमसंहिता आहे. मुलांसाठी असलेल्या कार्यक्रमांत अर्वाच्य भाषा आणि उघड हिंसेची दृश्ये असू नयेत, आणि मुले अधिक संख्येने पाहत असतात त्या वेळी त्यांना अयोग्य असे काही दाखवू नये, असे ती सांगते. २०११ मध्ये प्रक्षेपकांनी तक्रारींचा निवाडा करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली परिषद नेमली, आणि २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरून येणाऱ्या मालिकांना सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्यांवर वयोमान दर्शविणे भाग पाडले. पालकांच्या तक्रारीत किती बळ असते याचा ठळक दाखला ‘शिनचॅन’ या जपानी मालिकेचा आहे. वडीलधाऱ्यांना उलट उत्तरे देणारा हा पाच वर्षांचा मुलगा पाहून आपली मुले उद्धट होत आहेत असा बोभाटा झाला, २००८ मध्ये मालिकेचे प्रक्षेपण थांबले, आणि नंतर पुष्कळ कात्री लागून ती परत आली.

छोट्या भीमावरही आक्षेप घेतले गेले आहेत. प्रत्येक तंट्याचा फैसला ठोशाने होतो. लाडू खाल्ल्याने बळ येते या समजुतीला खतपाणी मिळते. वर्णाने गोरा तो नायक आणि ज्याच्या नावातच काळेपणा आहे तो आडदांड, ही वाटणी मुलांच्या मनात नकळत रुजते. चुटकी बहुतेक वेळा लाडवांच्या दुकानाशी आणि घरकामाशी बांधलेली असते. हे आक्षेप विचारार्ह आहेत. मात्र ते सारे परिणामांविषयीचे आहेत, ‘हे पाहून मुलाचे काय होईल’ या चिंतेतून आलेले; कथा कशी आहे याविषयी पालक सहसा बोलत नाही, कारण त्याने ती सलग पाहिलेलीच नसते.

परिणामांच्या या चिंतेला शास्त्राचा आधार कितपत आहे, हे येथेच पाहून घेणे इष्ट होईल. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९६ लहान मुलांपैकी काहींना मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुल्याला बदडल्याचे दृश्य प्रत्यक्ष दाखवले, काहींना तेच चित्रपटात, आणि काहींना मांजराचा वेष घेतलेल्या पात्राने कार्टूनच्या थाटात तसेच केल्याचे. पुढे खेळताना तिन्ही गटांतील मुलांनी, असे काहीही न पाहिलेल्या मुलांपेक्षा, अधिक मारझोड केली. मारणारा खोटा वेषधारी आहे म्हणून अनुकरण टळले नाही. २०११ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांना तीन गटांत विभागून एकास नऊ मिनिटे एक अतिवेगवान अद्भुत कार्टून, दुसऱ्यास संथ आणि वास्तवदर्शी कार्टून, आणि तिसऱ्यास कागद व रंग दिले. लगेच घेतलेल्या चाचण्यांत पहिल्या गटाचा धीर आणि एकाग्रता इतरांपेक्षा कमी पडली. ते अतिवेगवान कार्टून दाखवणाऱ्या वाहिनीने हरकत घेतली की तो कार्यक्रम सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, चार वर्षांच्या नव्हे. लिलार्ड यांच्या गटाने पुढे केलेल्या अभ्यासात दोष वेगापेक्षा अशक्य घटनांच्या गर्दीकडे अधिक जातो असे दिसले: निसर्गनियम पावलोपावली मोडणारी दृश्ये समजून घेताना बालबुद्धीवर ताण पडत असावा. हे निष्कर्ष तात्कालिक परिणामाचे आहेत, त्यावरून आयुष्यभराचे अनुमान काढणे अप्रशस्त होय. पण अगदी लहान मुलाला अद्भुताचा मारा सोसवत नाही आणि मोठ्याला तो मानवतो, एवढा विवेक त्यातून घेता येतो.

आता तिसरा आणि मुख्य पक्षकार. मुलांनाच का विचारू नये, असे वाचक म्हणतील. संशोधकांनी तेही करून पाहिले. इंग्लंडमधील संगणकतज्ज्ञ जॅनेट रीड आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी पाच चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. अगदी रडव्या चेहऱ्यापासून खदखदून हसणाऱ्या चेहऱ्यापर्यंत, आवडीप्रमाणे एकावर खूण करायची. अनुभव असा आला की लहान मुले जवळजवळ प्रत्येक गोष्टीला शेवटचा, सर्वांत हसरा चेहरा बहाल करतात. ‘आवडले का?’ हा प्रश्न मुलाला करणे म्हणजे पंगतीतून उठलेल्या पाहुण्याला जेवण कसे झाले असे विचारणे होय. उत्तर ठरलेले असते आणि त्यात विचारणाऱ्याचा मान राखलेला असतो. म्हणून त्यांनी दुसरी युक्ती योजली: पाहिलेल्या साऱ्या गोष्टींची यादी समोर ठेवून प्रत्येकीपुढे, हे पुन्हा करायला आवडेल काय, हो, कदाचित की नाही, एवढेच विचारायचे. मूल प्रशंसेत उदार असते, पण वेळ खर्चताना कृपण; पुन्हा काय हवे हे सांगताना त्याची खरी पसंती उघडी पडते.

पुन्हापुन्हा तोच भाग मागणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो, त्यामागेही असाच अर्थ आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या बालमालिकेत एकच भाग लागोपाठ पाच दिवस दाखवीत. अभ्यासकांना असे आढळले की पाचव्या दिवशी मुले कंटाळत नाहीत, उलट त्यांना अधिक समजते, ती अधिक मोठ्याने उत्तरे देतात आणि पडद्यावरील पात्राच्या आधी कोडे सोडवतात. पहिल्या पाहण्यात मूल घटना टिपते, पुढच्यात त्यांची कारणे जुळवते. ढोलकपूरचा तोच तोच राक्षस पाचव्यांदा हरताना पाहणारे मूल एका अर्थाने अभ्यासास बसलेले असते.

मुलाचे मत त्याच्या डोळ्यांवरून वाचण्याची पद्धत यापूर्वीच, १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’च्या निमित्ताने, एडवर्ड पामर यांनी बसवली होती. खोलीत एकीकडे दूरचित्रवाणी आणि बाजूला तिरक्या कोनात दुसरा पडदा. त्या पडद्यावर साधारण साडेसात सेकंदांनी नवे रंगीत चित्र येई. मुलाने कार्यक्रमावरून नजर केव्हा काढली आणि चित्रांकडे वळवली, याची क्षणाक्षणाची नोंद ठेवीत. या नोंदींनी एक मोठा निर्णय फिरवला. वास्तव आणि अद्भुत एकत्र आणू नये, मुलांचा गोंधळ उडेल, अशी तज्ज्ञांची शिफारस असल्याने माणसे वावरतात त्या रस्त्याच्या दृश्यांत बाहुल्या ठेवलेल्या नव्हत्या. चाचणीत मात्र बाहुल्या पडद्यावर असताना मुले खिळून राहत आणि नुसती माणसे बोलू लागताच त्यांचे डोळे दुसऱ्या पडद्याकडे जात. निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला, रस्त्यावर राहणारा अवाढव्य पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट जीव निर्माण केला, आणि कार्यक्रमाचा कायापालट झाला. चार वर्षांच्या मुलांनी एक शब्द न बोलता विद्वानांचा ठराव रद्द केला, असे याचे वर्णन केल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विद्वानांची ही भीती, की मूल खऱ्याखोट्याचा घोळ करील, तीही तपासली गेली आहे. जॉन फ्लॅव्हेल यांच्या १९९० च्या अभ्यासात तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना असे वाटले की पडद्यावर दिसणारी लाह्यांची वाटी संच उलटा केल्यास सांडेल; चार वर्षांच्या मुलांना तसे वाटत नव्हते. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना रिकाम्या पेटीत एक प्राणी असल्याची कल्पना करायला सांगितले. तो खोटा आहे हे मुलांनी कबूल केले, पण एकटे सोडल्यावर काहींनी पेटी हळूच उघडून खात्री करून घेतली. आणि डीना स्कोल्निक व पॉल ब्लूम यांनी २००६ मध्ये दाखवले की मुलांच्या लेखी सारी कल्पितसृष्टी एकच नसते: बॅटमॅनला त्याच्याच कथेतला रॉबिन खरा वाटतो, पण दुसऱ्या मालिकेतला स्पंजबॉब मात्र त्याच्याही दृष्टीने काल्पनिक आहे, असे ती ठामपणे सांगतात. म्हणजे प्रत्येक अद्भुत राज्याची स्वतंत्र हद्द आणि स्वतंत्र कायदा मूल ओळखते. ‘असे कधी घडते का?’ हा मोठ्यांचा आक्षेप मुलाला लागू पडत नाही. लाडू न खाता भीम जिंकला, किंवा मेलेला राक्षस कारणाशिवाय परतला, तर ‘हे बरोबर नाही’ म्हणून तक्रार करणारे मूल मात्र पुष्कळ घरांत भेटेल. मुलाची टीका असते ती राज्याने स्वतःचाच कायदा मोडल्याबद्दल.

फुलंब्रीच्या संदर्भात आणखी एका मुद्द्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, तो भाषेचा. डॅनियल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये लहान मुलांना एकाच कार्यक्रमाचे निरनिराळे अवतार दाखवले: एक जसाच्या तसा, एक दृश्यांचा क्रम उलटसुलट केलेला, एक परभाषेतील संवादांचा, एक उलट्या वाजवलेल्या संवादांचा. चित्रे तीच, रंग तेच. तरी बोलणे कळेनासे होताच मुलांचे लक्ष ढळले. मूल चकाकीला भुलून पाहते हा समज यामुळे बराचसा निराधार ठरतो. कळते म्हणून ते पाहते. आपल्याकडील मुलांची कार्टूने बहुतांशी हिंदीत येतात. मराठवाड्यात निजामी अमदानीपासून उर्दू आणि दखनी हिंदी कानांवर असल्याने फुलंब्रीच्या मुलाला ती सर्वस्वी परकी नसते, आणि शाळेत जाण्यापूर्वीच ‘बचाओ’, ‘चलो दोस्तों’ असे शब्द त्याच्या बोलण्यात येतात. पण घरात मराठी बोलणाऱ्या तीन-चार वर्षांच्या बालकाने सारा संवाद समजून पाहिला की अर्धा अंदाजाने भरून काढला, हे त्याच्या खिळलेल्या नजरेवरून सांगता येत नाही. ग्रीन गोल्डने २०१९ मध्ये नेटफ्लिक्ससाठी केलेल्या ‘मायटी लिटल भीम’ मध्ये रांगता भीम जवळजवळ एकही वाक्य बोलत नाही, आणि ती मालिका कोणताही अडसर न येता देशोदेशी गेली, हे या दृष्टीने उद्बोधक आहे.

या सर्व विवेचनातून घरी आणि शाळेत उपयोगी पडेल अशी एक रीत निघते. मुलाने मालिका पाहिल्यावर आवडनिवड विचारू नये; ‘मग काय झाले?’ असे विचारून त्याच्याच बोलीत गोष्ट सांगू द्यावी. जो प्रसंग ते गाळते तो त्याला कळलेला नसतो किंवा रुचलेला नसतो, आणि जो वाढवून सांगते त्यात त्याची पसंती असते. दोन भागांपैकी पुन्हा कोणता पाहशील, असा निवडीचा प्रश्न करावा. थोरल्या भावंडासमोर धाकट्याची जबानी घेऊ नये, कारण ती थोरल्याचीच प्रत निघते. चित्र काढायला सांगावे, आणि चित्रात कोण मोठे, कोण कोपऱ्यात, कोण मुळीच नाही, ते पाहावे. सर्वांत विश्वसनीय पुरावा मिळतो तो खेळात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर मुले ढोलकपूर खेळू लागली की भूमिका कोणाला मिळतात, कालिया व्हायला कोण नाखूष असतो, एखादी मुलगी चुटकी होण्याचे नाकारून भीमच होणार म्हणून अडून बसते काय, आणि भांडण ठोशाने मिटते की नवा डाव मांडून, हे कोणीही शिक्षक टिपू शकतो. पालकांच्या आक्षेपांपैकी कोणता साधार आणि कोणता निराधार, याचाही निर्णय त्या मैदानावर बऱ्याच अंशी होतो. कारण वर्णभेद किंवा लिंगभेद खेळात उतरला असेल तर चिंता रास्त आहे, आणि मुलांनी आपण होऊन तो मोडून टाकला असेल तर मालिकेपेक्षा मुले शहाणी आहेत असे समजावे.

तीन पक्षकारांच्या साक्षी अशा रीतीने वेगवेगळ्या विषयांवरच्या आहेत, आणि प्रत्येकीला तिच्या हद्दीतच मान दिला पाहिजे. मापकाचा आकडा वेळेविषयी बोलतो. पालक परिणामांविषयी बोलतो, आणि त्यासाठी त्याने निदान काही भाग मुलाशेजारी बसून पाहिले असतील तर अधिक अधिकाराने बोलतो. कथा चांगली की वाईट हे मात्र मुलानेच सांगावयाचे आहे. आज मराठीत मुलांसाठी अद्भुतकथेची मालिका करू इच्छिणाऱ्याला उपकरणांची टंचाई नाही. भासते ती प्रेक्षकाच्या परिचयाची. पहिला भाग कच्चा तयार होताच तो फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावातील दहा-वीस मुलांपुढे लावावा, दुसऱ्या बाजूस एक चित्रांचा पडदा ठेवावा, आणि डोळे कोठे वळतात ते निमूटपणे लिहून घ्यावे. यासाठी लागणारा खर्च जाहिरातीच्या एका फलकाहून अधिक येणार नाही, आणि त्या नोंदी समोर असल्यावर लेखकाला कोणते पान राखावे आणि कोणते काढून टाकावे याचा निर्णय मालिका प्रक्षेपित होण्यापूर्वीच करता येईल.